दुसरा डबा

विज्ञानाच्या तासाला मुलांनी हातांनी काहीतरी घडवावं, असं आता जवळपास सगळेच म्हणतात. मीही म्हणते, आणि आग्रहाने म्हणते. पण त्या घडवण्यात विज्ञान नेमकं कुठे असतं, हे फारसं कुणी विचारत नाही. प्रदर्शनात मांडलेले काड्यांचे पूल पाहावेत. सुबक असतात, रंगवलेले असतात. त्यातल्या एखाद्या पुलाकडे बोट दाखवून विचारावं, "ही काडी इथे तिरकी का लावलीस?" तर उत्तर येतं, "व्हिडिओत तशीच होती." यात त्या मुलाचा काही दोष नाही. काडी तिरकी लावली काय आणि सरळ लावली काय, त्याने पुलाचं काय होतं, हे ठरवायची वेळ त्याच्यावर कुणी आणलीच नाही.

म्हणून सहावी ते आठवीच्या मुलांना असं काम देण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: यातली विज्ञानाची कल्पना काढून घेतली, तर मुलांचे निर्णय बदलतील का? बदलणार नसतील तर तो हस्तकलेचा तास झाला. हस्तकला मला मनापासून आवडते, तिला तिचा स्वतंत्र वेळ मिळायलाच हवा. पण विज्ञानाचा तास खर्च करायचा तर त्या बदल्यात मुलांच्या पदरात विज्ञान पडायला हवं.

या कसोटीला उतरणारं माझं सगळ्यात लाडकं काम बर्फाचं आहे. सांगायला अगदी सोपं: बर्फाचा एक तुकडा मिळेल, तो जास्तीत जास्त टिकेल असा डबा बनवा. साहित्य ठरलेलं असतं. लोकरी कापड, कापूस, वर्तमानपत्रं, थर्माकोलचे तुकडे, ॲल्युमिनियम फॉइल, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा. डब्याचं मापही ठरलेलं, त्याहून मोठा चालणार नाही.

साहित्य टेबलावर आलं की मी काही मिनिटं गप्प राहते आणि नुसती ऐकते. कुणीतरी हमखास म्हणतं, "लोकर नको रे, लोकर गरम असते, बर्फ लगेच वितळेल." दुसरं कुणी फॉइल गालाला लावून पाहतं आणि सांगतं, "हे बघ किती गार आहे, याच्यातच गुंडाळू." लोकर उष्णतेची दुर्वाहक आहे, धातू सुवाहक आहेत, हे याच मुलांनी परीक्षेत बरोबर लिहिलेलं असतं. ते वाक्य खोटं नव्हतं, पाठही चोख होतं. पण आपला स्वतःचा बर्फ वाचवायची वेळ आली तेव्हा ते मदतीला धावून आलं नाही. अंगाला जे जाणवतं त्याचा विश्वास जास्त वाटला. मुलांच्या डोक्यात खरोखर काय चाललंय हे मला इतकं लख्ख दाखवणारी एकही लेखी परीक्षा माहीत नाही.

अशा वेळी लगेच दुरुस्ती करायचा मोह होतो. तो मी आवरते. त्याऐवजी प्रत्येक गटाने साहित्याला हात लावण्याआधी एक भाकीत लिहायचं: आम्ही अमुक वस्तू निवडली, कारण आम्हाला वाटतं की उष्णता अमुक वाटेने जाते. "कारण" लिहिल्याशिवाय बर्फ मिळत नाही. या एका नियमावर मी अडून बसते.

मग प्रश्न येतो मोजायचं कसं. "जास्त वेळ टिकला" म्हणजे काय? पूर्ण वितळेपर्यंतचा वेळ? मग प्रत्येकाला डबा सतत उघडून बघावा लागेल, आणि उघडला की बाहेरची ऊबदार हवा आत. यावर वर्गात चांगला वाद रंगतो. बहुतेक वेळा मुलंच तोडगा काढतात: ठरावीक वेळाने सगळ्यांनी एकदाच डबा उघडायचा आणि उरलेला बर्फ काट्यावर ठेवायचा. यशाची व्याख्या मुलांनी स्वतः करणं हे या कामाचं अर्धं अंग आहे, असं मला वाटतं. घाईघाईत ते बहुतेक शिक्षकांच्या टिपणातूनच वाचून दाखवलं जातं, आणि मुलांच्या हातात उरतं ते फक्त कापणं-चिकटवणं.

वजनावर आल्यावर एक सुंदर गोष्ट करता येते. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ३३४ जूल उष्णता लागते. म्हणजे अर्ध्या तासात आठ ग्रॅम पाणी झालं असेल, तर डब्याच्या भिंतींतून जवळपास २,७०० जूल उष्णता आत शिरली. डबा "चांगला" की "वाईट" हे बोलणं संपतं आणि डब्यातून किती गळती झाली हे आकड्यात येतं. सातवीच्या मुलांना अप्रकट उष्णतेचं प्रकरण अजून शिकवलेलं नसेल तरी हा हिशोब झेपतो, कारण तो त्यांच्या डब्याचा असतो. एक काळजी मात्र घ्यावी लागते. फ्रीजरमधून थेट काढलेला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो. आधी तो शून्यावर येतो आणि मग गळायला लागतो. त्या सुरुवातीच्या मिनिटांत सगळ्याच गटांना आपला डबा अफलातून वाटतो. बर्फाला थोडा घाम फुटू द्यावा आणि मगच वाटावा.

डबे उघडतात तेव्हा लोकरीवाल्यांचा बर्फ बऱ्यापैकी शाबूत असतो आणि नुसत्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळणाऱ्यांचा आटलेला असतो. "पण लोकर गरम असते ना?" या प्रश्नाला मी थर्मामीटर देते. टेबलावर पडलेल्या लोकरीत खुपसून पाहा. तापमान खोलीइतकंच येतं. फॉइलचंही तेवढंच. दोन्ही वस्तू एकाच तापमानाला, मग एक गार आणि एक ऊबदार का लागते? कारण फॉइल आपल्या गालाची उष्णता झटकन ओढून नेतं आणि लोकर नेत नाही. ॲल्युमिनियम स्थिर हवेच्या जवळजवळ दहा हजार पट सहजतेने उष्णता वाहून नेतं, आणि लोकरीत बहुतांश हवाच अडकलेली असते. हे सगळं मी आधीही सांगू शकले असते. पण आधी सांगितलं असतं तर ते आणखी एक पाठ केलेलं वाक्य झालं असतं. आता ते एका अडलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं, आणि अडलेला माणूस फार कान देऊन ऐकतो.

फॉइल मात्र अगदीच टाकाऊ नसतं. ते बर्फाला चिकटवण्याऐवजी डब्याच्या आतल्या बाजूला, मध्ये हवा ठेवून लावलं, तर भिंतीकडून प्रारणाने, म्हणजे मधल्या हवेची मदत न घेता, येणारी उष्णता अडवतं. त्यामुळे वस्तू चांगली किंवा वाईट नसते, ती कुठे आणि कोणत्या वाटेवर उभी केली त्यावर तिचं मोल ठरतं. हे एखाद्या गटाला स्वतःहून सुचलं की मला फार आनंद होतो.

इथे बहुतेक वेळा तास संपतो, आणि बहुतेक शाळांत कामही इथेच संपतं. पहिला आला त्याला टाळ्या, फोटो, आणि पुढच्या आठवड्यापासून नवं प्रकरण. मला वाटतं, खरं शिकणं सुरू होण्याच्या जरा आधी आपण हा पडदा पाडतो. कारण पहिला डबा अंदाजावर बनतो. विज्ञान शिरतं ते दुसऱ्या डब्यात.

पहिला डबा उघडल्यावर लोकरवाल्या गटाला काय दिसतं? लोकर तळाशी चिंब झालेली, आणि बर्फाचा तुकडा आपल्याच पाण्यात बसलेला. पाणी स्थिर हवेच्या वीस-पंचवीस पट सहजतेने उष्णता नेतं. म्हणजे ज्या हवेच्या भरवशावर डबा होता तिची जागा पाण्याने घेतली. हे पुस्तकात नव्हतं, ते डब्याने दाखवलं. मग कुणी तुकडा पिशवीत बांधतं, कुणी खाली जाळी बसवून पाण्याला वेगळी वाट काढून देतं. आणि इथे मी विचारते, "तुम्ही जाळी लावलीत, लोकर वाढवलीत आणि झाकणही बदललंत. आता बर्फ जास्त टिकला तर कशामुळे टिकला?" शांतता पसरते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर वर्षानुवर्षं लिहिलेला असतो. त्याची गरज त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा भासते.

याबाबतीत १९९१ सालचं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. लिओना शॉबल आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाचवी-सहावीच्या मुलांना दोन प्रकारची कामं दिली होती. एकात पाण्याच्या कालव्यातून होडी वेगाने जाईल असं काहीतरी साधायचं होतं. दुसऱ्यात स्प्रिंगला टांगलेल्या वस्तू पाण्यात बुडवून काय होतं ते समजून घ्यायचं होतं. काहीतरी साधायचं असतं तेव्हा मुलं चांगला निकाल देणाऱ्या गोष्टींभोवतीच घुटमळतात, जे निरुपयोगी वाटतं ते तपासायलाच जात नाहीत, असं त्यात दिसलं. समजून घ्यायचं असतं तेव्हा शोध जास्त पसरतो आणि कशाने फरक पडत नाही, याचीही नोंद होते. वर्गात हे मी रोज पाहते. जिंकायच्या मागे लागलेला गट जिंकतो, पण का जिंकला हे त्याला सांगता येत नाही.

म्हणून मी स्पर्धा जवळपास बंद केली. त्याऐवजी कधीकधी उलटं काम देते: याच साहित्यातून बर्फ सगळ्यात लवकर वितळवणारा डबा बनवा. मुलं आधी हसतात, मग गंभीर होतात. सगळ्यात वाईट डबा बनवायला उष्णतेच्या सगळ्या वाटा माहीत असाव्या लागतात, त्या सताड उघडाव्या लागतात. उत्तम डबा नशिबानेही जमू शकतो, मुद्दाम वाईट डबा नशिबाने जमत नाही.

नक्कल करण्याबद्दलही माझं मत बदलत गेलं आहे. एका गटाने दुसऱ्याचं पाहून तसंच केलं की आपण रागावतो. पण घडवण्याच्या जगात एकमेकांचं पाहणं हा कामाचाच भाग असतो. जॉर्जिया टेक विद्यापीठात जॅनेट कोलोडनर यांच्या गटाने माध्यमिक वर्गांसाठी बांधलेल्या अभ्यासक्रमात मुलांनी मध्येच थांबून आपलं अर्धवट काम सगळ्या वर्गापुढे मांडायची सोय मुद्दाम केलेली होती. मी तेच करते. फक्त एक अट घालते: दुसऱ्याची कल्पना घेतली तर ती कुणाची आणि आपल्या डब्यात ती का चालेल, हे वहीत लिहायचं. मग नक्कल आपोआप विचारात बदलते, आणि ज्याची कल्पना उचलली गेली त्या पोराची मान ताठ होते.

पॅराशूटचं काम याच्या मानाने छोटं, पण त्यात एक धक्का दडलेला आहे. कापडाचं क्षेत्रफळ दुप्पट केलं तर खाली यायला दुप्पट वेळ लागेल, असं जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो. करून पाहिलं तर वेळ साधारण १.४ पटच होतो. मुलं घड्याळाला दोष देतात, वाऱ्याला दोष देतात, पुन्हा मोजतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग क्षेत्रफळाच्या वर्गमूळाच्या हिशोबाने कमी होतो. वेळ दुप्पट हवी तर कापड चौपट लागतं, आणि तेही कापडाचं स्वतःचं वजन नगण्य असेल तर. आठवीत नुकतंच शिकलेलं वर्गमूळ असं जिन्यावरून खाली तरंगत येताना पाहिलं की गणिताच्या तासालाही थोडी झळाळी येते.

डिझाइन फसल्यावर कधीकधी चूक डिझाइनमध्ये नसतेच, ज्या माहितीवर आपण उभे असतो तिच्यात असते. हे सांगायला मी मुलांना दोन माणसांच्या कामाची एक सलग गोष्ट सांगते. १७५९ साली जॉन स्मीटन या इंग्लिश अभियंत्याने पाणचक्क्यांवरचा आपला निबंध रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेपुढे ठेवला. त्याने चाकाची लहान प्रतिकृती केली, पाण्याचा प्रवाह, उंची, भार यांतली एकेक गोष्ट बदलली आणि मोजत गेला. वरून पाणी घेणारं चाक खालून ढकलल्या जाणाऱ्या चाकाच्या साधारण दुप्पट काम देतं, हे त्याने दाखवलं. सोसायटीचं त्या वर्षीचं कोप्ली पदक त्याला मिळालं. त्याच निबंधात पवनचक्क्यांसाठी वाऱ्याच्या दाबाचं एक कोष्टक होतं. त्यातून आलेला ०.००५ हा गुणांक पुढे स्मीटनच्याच नावाने ओळखला गेला आणि हवेत पंख किती उचल देईल याच्या हिशोबात वापरला जाऊ लागला.

जवळपास दीडशे वर्षांनी राइट बंधूंनी तो आपल्या हिशोबात घेतला. त्यांची १९०० आणि १९०१ सालची ग्लायडर हिशोबाच्या मानाने फारच कमी उचल देत होती. त्यांच्यापुढे सोपा मार्ग होता, पंख आणखी मोठे करून पाहायचे. त्याऐवजी त्यांनी आकड्यांवरच शंका घेतली. १९०१ च्या अखेरीस त्यांनी सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी बनवून तिच्यातून पंख्याने वारा सोडला. उचल मोजायचा तराजू करवतीच्या पात्यांचे तुकडे आणि सायकलच्या स्पोकची तार यांतून केला. पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने त्यात तपासले. गुणांक ०.००५ नसून ०.००३३ च्या आसपास असावा, असं त्यांना आपल्या मोजमापांवरून दिसलं. नव्या आकड्यांवर १९०२ चं ग्लायडर उभं राहिलं, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी इंजिन लावलेलं विमान बारा सेकंद हवेत राहिलं.

ही गोष्ट ऐकताना मुलांना बारा सेकंदांचं कौतुक वाटतं. मला त्या पेटीचं वाटतं. घडवायचं विमान होतं आणि त्यासाठी विज्ञान नव्याने करावं लागलं. ते करायला दोघे परत मोजण्याकडे वळले. विज्ञान आधी आणि त्याचा वापर नंतर, अशी जी सरळ रांग आपण पाठ्यपुस्तकात लावतो ती प्रत्यक्षात अशी नसते. स्मीटनने चांगली चक्की हवी म्हणून प्रयोग केले आणि राइट बंधूंनीही उडायचं होतं म्हणूनच केले.

अमेरिकेत शालेय विज्ञान शिक्षणाच्या २०१२ च्या आराखड्यात आणि २०१३ च्या विज्ञान मानकांत विज्ञान आणि घडवणं हे दोन्ही एकत्र आणलं गेलं. माध्यमिक टप्प्यावर मुलांकडून तिथे चार गोष्टी अपेक्षित आहेत: यशाचे निकष आणि मर्यादा नेमक्या ठरवणं, वेगवेगळे उपाय त्या निकषांवर तोलणं, चाचण्यांतल्या आकड्यांवरून कुठल्या उपायाचं काय चांगलं ते वेचणं, आणि पुन्हा पुन्हा तपासता येईल असा नमुना तयार करणं. चारांत "सुंदर मॉडेल बनवा" कुठेच नाही. मला हा दस्तऐवज त्यासाठी आवडतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मानकात पुरेशी येत नाही, ती म्हणजे गटात कात्री कुणाच्या हातात असते. लक्ष ठेवलं नाही तर धीट मुलगा बांधतो, बाकीचे साहित्य पुरवतात, आणि सुवाच्य अक्षराची मुलगी नोंदी लिहिते. ती वर्षभर नोंदीच लिहिते. तिचं बर्फाबद्दलचं म्हणणं कदाचित सगळ्यात अचूक असतं, पण ते डब्यापर्यंत पोचत नाही. म्हणून दुसऱ्या डब्याच्या वेळी मी कामांची अदलाबदल सक्तीची करते. पहिल्यांदा ज्याने लिहिलं त्याने आता बांधायचं. कुरकुर होते, आणि ती मी खुशाल होऊ देते.

वेळ कुठून आणायचा, हे सगळेच शिक्षक विचारतात. प्रामाणिक उत्तर असं, की काहीतरी सोडावं लागतं. मी कामं कमी करते. वर्षभरात पाच-सहा वस्तू एकेकदा बनवण्यापेक्षा दोन वस्तू दोनदा बनवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. आणि जोडून दोन तास मिळवण्यासाठी वेळापत्रक करणाऱ्याच्या मागे लागावं.

गुण मी बर्फाच्या वजनाला देत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या डब्यात काय बदललं, का बदललं, आणि निकाल भाकिताशी जुळला नाही तर त्याचा काय अर्थ लावला, याला देते. एका गटाचा दुसरा डबा पहिल्याहून वाईट निघाला. त्यांचा तर्क असा होता: लोकर चांगली, कारण तिच्यात हवा असते, मग लोकर काढून टाकू आणि चारही बाजूंनी नुसती हवाच ठेवू. तर्कात खोट काढायला जागा नव्हती, तरी बर्फ भराभर गेला. त्यांनी खाडाखोड करत दीड पान लिहिलं, आणि शेवटी हे वाक्य आलं: लोकरीचं काम हवा ठेवणं नसेल, हवेला हलू न देणं असेल.

पूर्ण गुण दिले. पण त्यांना गुणांपेक्षा ते तपासायचं आहे. म्हणून पुढच्या तासाला पारदर्शक डब्यात बर्फ ठेवून त्यात थोडा धूर सोडायचं ठरलं आहे. दोन मुलींचं म्हणणं आहे की बर्फाजवळचा धूर खाली उतरेल आणि भिंतीजवळचा वर चढेल. बाकीच्यांना वाटतं, धूर तो धूर, सगळा वरच जाईल. दोघी अजिबात मागे हटायला तयार नाहीत, आणि टॉर्च कुठून धरायचा यावर त्यांची चर्चा मधल्या सुट्टीतही चालू होती.